दोनशे क्रेट

प्रिय काका आणि काकू,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी आप्पांच्या पंच्याहत्तरीला तुमच्या छोट्या वायनरीतली 2009 ची शिराझ ही रेड वाइन उघडली. आमच्याकडची शेवटची बाटली. बूच अर्ध्यातच तुटलं, मग चहाच्या धुतलेल्या गाळणीतून गाळून घेतली. ग्लासच्या कडेला रंग विटकरी झाला होता, फळाचा वास ओसरला होता, पण मिरी होती. आप्पांनी बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं. माळकरी माणूस, आजवर थेंब तोंडात घेतलेला नाही. बराच वेळ वास घेतला आणि म्हणाले, "आपल्याच बागेची." मग थोड्या वेळानं, "त्यांना एकदा नीट लिही. आपण तोंडानं कधी बोललोच नाही."

म्हणून हे पत्र. उघडं लिहितेय, कारण तुम्ही तेव्हा काय केलंत हे दोन-चार गावांपलीकडे कुणाला माहीत नाही, आणि तुम्ही स्वतः ते सांगणार नाही.

बाकीच्यांना त्या वर्षाची कल्पना यावी म्हणून थोडं मागचं. 2000 मध्ये नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली, 2001 मध्ये सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आणि आमच्या दिंडोरी तालुक्यात जो तो वाइनच्या द्राक्षांबद्दल बोलायला लागला. आप्पांनी 2004 मध्ये एका कंपनीशी करार करून दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढली आणि डॉगरिज जातीच्या खुंटावर शिराझ या वाइनच्या द्राक्षाचं कलम बांधलं. या द्राक्षाचा मणी बारका, साल जाड, आत बिया. खायला कुणी घेत नाही, बिया असल्यामुळे बेदाणाही होत नाही. थॉमसनचं एका व्यापाऱ्याशी नाही जमलं तर दुसरा येतो. वाइनच्या मालाला वायनरी सोडून दुसरं दारच नाही. करार होता तोवर हे कुणाच्या मनात आलं नाही.

2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. आधीच जगभर मंदी, त्यात हॉटेलं ओस पडली आणि वाइन खपेना. जानेवारीपर्यंत घडांत रंग पुरता भरला होता आणि कंपनीच्या माणसानं आप्पांचा फोन घेणं बंद केलं होतं. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. फेब्रुवारीत रसातली साखर 24 ब्रिक्सच्या, म्हणजे शेकडा चोवीसच्या, पुढं गेली, माल तोडणीला आला. आप्पा रोज सकाळी बागेत जायचे आणि काही न बोलता परत यायचे. आईनं त्या दिवसांत मला दोनदा बजावलं होतं, फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली तुझ्याकडं ठेव. याहून जास्त लिहीत नाही.

काका, तुम्ही आलात तेव्हा मी ओट्यावर अभ्यास करत होते. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. तुमची जुनी मोटारसायकल, खिशात रिफ्रॅक्टोमीटर, साखर मोजायचं यंत्र. तुम्हाला बोलावलं कुणी नव्हतं. गावात कुणाकडून तरी ऐकून आला होतात. तुम्ही यंत्र आधी काढलंच नाही. एक मणी तोंडात टाकलात, साल चावलीत, मग बी दातांखाली फोडलीत आणि हातावर घेऊन आप्पांना दाखवलीत. तपकिरी, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी. "बी पिकलीय. परवा पहाटे तोडू," म्हणालात. आप्पा नुसते बघत राहिले.

त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आप्पा, खोटं सांगत नाही. नऊ टन मला पेलणार नाही. एकच टाकी मोकळी आहे. चार टन घेतो. पैसे तीन हप्त्यांत देईन, एकदम नाहीत माझ्याकडं."

काका, त्या काळात आम्हाला "सगळा माल उचलतो" म्हणणारे तिघे भेटले होते. एकही परत आला नाही. तुम्ही चारच टन म्हणालात आणि चार टन नेलेत. पहाटे चारला बॅटऱ्यांच्या उजेडात तोडणी सुरू झाली, ऊन चढायच्या आत वीस-वीस किलोचे दोनशे क्रेट टेम्पोत चढले. उरलेले पाच टन वेलीवरच सुकले, मग खाली पाडावे लागले. महिनाभर मांडवाखाली आंबूस वास होता. पण आई त्या पहाटे किती दिवसांनी मजुरांशी हसून बोलत होती.

मी टेम्पोसोबत तुमच्याकडं आले होते. वायनरी म्हणजे मोठं काहीतरी असेल असं वाटलं होतं. होती पत्र्याची शेड, तीन स्टीलच्या टाक्या आणि आतल्या गार खोलीत सहा ओकची पिंपं. काकू, तुम्ही पदर खोचून टेबलाशी उभ्या होतात, घडांमधली पानं आणि सुकलेले मणी वेचत होतात. मला म्हणालात, "बस नको, हात चालव." चार दिवसांनी मी परत आले तेव्हा टाकी बोलत होती, खरंच बोलत होती, सालींचा जाड थर वर तरंगून आला होता आणि त्याखालून बुडबुड ऐकू येत होतं. मी वाकायला गेले तर काकांनी खांद्याला धरून मागं ओढलं. "वरचा वायू एका श्वासात माणूस पाडतो." मग लांब दांडा हातात दिलात आणि सालींचा थर खाली कसा दाबायचा ते दाखवलंत, म्हणजे रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. यीस्ट मी पुस्तकात वाचलं होतं. त्याची ऊब हाताला त्या दिवशी लागली. पुढं मी एम.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, ते त्या टाकीमुळं.

पैशांचं सांगायलाच हवं. पहिला हप्ता एप्रिलमध्ये, तोडणीनंतरच्या खरड छाटणीला आला, दुसरा पोळ्याला. तिसरा दिवाळीच्या दोन दिवस आधी काकू स्वतः घेऊन आल्या, सोबत चकल्यांचा डबा. फळासाठीच्या गोडी छाटणीची मजुरी त्यातून निघाली. तुमच्याही गोदामात तेव्हा न खपलेल्या बाटल्यांची खोकी छतापर्यंत होती, हे मला फार उशिरा कळलं. काकूंच्या पाटल्यांचं तर त्याहून उशिरा. त्याबद्दल काय लिहू.

आणि तो सल्ला, काका. आजूबाजूला लोक चिडून अख्ख्या बागा उपटत होते. तुम्ही म्हणालात, "एक एकर ठेवा, एकावर परत थॉमसन लावा. एका एकराचं मी दरवर्षी बघतो." दरवर्षी बघितलंत. बाटलीच्या मागच्या लेबलवर तेव्हापासून आमच्या गावाचं नाव असतं, बारीक अक्षरांत. आप्पांनी पहिलं लेबल पाण्यात भिजवून सोडवलं, ते ज्ञानेश्वरीत आहे.

मी वाइन प्यायला शिकले तुमच्याकडंच. काकांनी हातावर चार मिरे ठेवून चुरायला लावले आणि मग ग्लास पुढं केला. मिऱ्याला जो वास देतो तोच घटक शिराझच्या सालीत असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्येच शोधलं होतं, मी ते नंतर वाचलं. मला आधी नाकानं कळलं. पुण्यात मे महिन्यात रेड वाइन टेबलावर ठेवून पिऊ नये, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, हेही तुमचंच. नोकरीमुळं मी पुष्कळ ठिकाणच्या वाइन चाखल्या. काही तुमच्यापेक्षा सुबक होत्या, हे प्रामाणिकपणे सांगते. तुमच्या 2016 च्या वाइनमध्ये पिंपाच्या लाकडाचा वास फार पुढं आला होता, आणि मी तसं म्हटल्यावर काका गप्प झाले होते. पुढच्या वर्षी अर्धी वाइन जुन्या पिंपांत गेली. माझ्या लग्नात, बाळाच्या बारशाच्या रात्री, आईच्या वर्षश्राद्धानंतर आम्ही भावंडं जमलो तेव्हा टेबलावर मात्र तुमचीच बाटली होती. दुसरी ठेवावीशी कधी वाटलीच नाही.

काका, काकू, आम्ही तिघंही तुमचे मनापासून आभारी आहोत. आई असती तर हे तिनं माझ्याहून चांगलं सांगितलं असतं, बहुतेक पुरणपोळ्या घेऊन येऊन.

यंदाची तोडणी कधी धरताय? भाऊ म्हणतो बिया अजून हिरव्या आहेत, पंधरा दिवस तरी लागतील. दोन दिवस आधी कळवा, मी रजा टाकते. आप्पाही येणार म्हणतायत. त्यांना क्रेट उचलू देऊ नका, काकूंशेजारी टेबलाशी बसवा, पानं वेचायला.

तुमची,
आप्पांची थोरली