१९०९ ची मूळ प्रत म्हणून पैसे घेतले आणि स्कॅनची प्रिंट पाठवली, त्याबद्दल तक्रार

प्रति, ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

तुमच्या साइटवर भूवैज्ञानिक एल. एल. फर्मर यांचा भारतातल्या मँगनीज खनिजसाठ्यांवरचा रिपोर्ट होता, म्हणजे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या 'मेमॉयर्स' या अहवालमालेचा ३७ वा खंड, चारही भाग, कलकत्ता १९०९, आणि खाली ठळक अक्षरात "मूळ आवृत्ती, सर्व नकाशांसहित". मी साडेनऊ हजार रुपये आगाऊ भरले. आलं काय तर गुळगुळीत कव्हरची चार पुस्तकं, आत पांढराफेक कागद आणि शेवटच्या पानावर यंदाची छपाईची तारीख. चॅटवर सांगितलं तर तुमचा माणूस म्हणतो "सर मजकूर तर तोच आहे ना" आणि तक्रारीचं तिकीट बंद. मजकूर तोच नाहीये, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय, कृपया कोणीतरी शेवटपर्यंत वाचा.

असल्या जुन्या रिपोर्टात निम्मा जीव नकाशांत असतो. ते मोठ्या कागदावर छापून घडी घालून पुस्तकात बांधलेले असतात, आणि ज्याने कोणी ही प्रत स्कॅन केली त्याने घडी उघडायचे कष्टच घेतलेले नाहीत, त्यामुळे जिथे नकाशा हवा तिथे बंद घडीचा फोटो आहे, एका कडेला नदीची अर्धवट रेघ आणि गावाच्या नावाची दोन अक्षरं, बाकी कोरं. पुढच्या पानावर त्याच घडीची मागची बाजू, तीही कोरी. एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा छापलाय. जिथे नकाशाचा तुकडा दिसतो तिथेही सगळं करड्या रंगात, आणि भूशास्त्रीय नकाशात रंग हीच माहिती असते हो, रंग गेले की कुठला खडक कुठे संपला आणि मँगनीजचा पट्टा कुठून सुरू झाला काही कळत नाही. खाणींच्या फोटोंचे नुसते काळे डाग झालेत.

तुमच्याकडच्यांना हे पुस्तक काय आहे ते माहीत नसेल म्हणून सांगतो. मँगनीजचं खाणकाम आपल्या देशात १८९२ च्या सुमारास विझियानगरमकडे सुरू झालं, मग १९०० च्या आसपास नागपूर, भंडारा, बालाघाट भागात, आणि पाच-सात वर्षांत एवढं वाढलं की भारत रशियाच्या तोडीला गेला. नेमक्या त्या काळात फर्मर इथे फिरत होते. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव, तिकडे भंडाऱ्यात चिखला, खाणीमागून खाण पाहून बाराशेच्या वर पानं लिहिली, त्यात खनिजं, खडक, खाणकाम, व्यापार सगळं आहे आणि चौथा भाग पूर्ण एकेका साठ्याच्या वर्णनाचा. गोंडाइट हे खडकाचं नाव त्यांनीच दिलेलं. यातल्या बऱ्याच खाणी आज मॉयल या सरकारी मँगनीज कंपनीकडे चालू आहेत, पण तेव्हा जे उघड्यावर टेकडीच्या माथ्यावर दिसत होतं ते शंभर वर्षांत खोदून गेलंय, आता ते बघायचं तर याच नकाशात आणि फोटोत. आमच्या घरचे लोक मनसरच्या खाणीवर कामाला होते, मला तो भाग तेव्हा कसा होता ते बघायचंय.

मूळ आणि रिप्रिंटमधला फरक मला कळतो. माझ्याकडे ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा १८७७ चा मेमॉयर आहे, त्यावर बोट फिरवलं की छपाईच्या खिळ्यांनी कागद दबलेला हाताला लागतो. तुमच्या पुस्तकावर भिंग धरलं तर प्रिंटरचे ठिपके दिसतात. रिप्रिंट विकायला माझी काही हरकत नाही, ज्याला फक्त वाचायचंय त्याने स्वस्तात घ्यावं, पण मग तसं लिहा आणि तशी किंमत लावा.

"वापरलेली पुस्तकं परत घेत नाही" हा नियम दाखवू नका, हे वापरलेलं नाहीच, कोरं करकरीत आहे, हीच तर तक्रार आहे. दुसरं म्हणजे ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तुम्ही तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो, मला अजून साधी पोच नाही.

माझे पूर्ण पैसे कुरिअरच्या खर्चासकट परत करा, पार्सल तुमच्या खर्चाने उचला, आणि ती जाहिरात आजच दुरुस्त करा कारण अजून कोणीतरी तिला भुलून ऑर्डर करेल. नाही झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पावती आणि चॅट सगळं जपून ठेवलंय.

आणि त्या विक्रेत्याकडे खरी १९०९ ची प्रत असेलच तर मला ती अजूनही हवी आहे. प्रत्येक नकाशा पूर्ण उघडून फोटो काढायला सांगा, ते बघून मगच पैसे भरेन.

आपला,
एक ग्राहक, नागपूर