जुनी, नव्यानं उभी केलेली गाडी घेण्याआधी

सर्व सभासदांना सूचना,

पद्मिनी असो, अँबेसेडर असो वा जीप, दुरुस्तीच्या बिलांची बेरीज म्हणजे गाडीची किंमत नव्हे. आधी पत्रा बघा. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दरवाज्याखाली, चाकांच्या कमानींवर आणि डिकीच्या तळाशी फिरवा. पकड सुटली तिथं पुट्टी (खड्डे भरायचा लेप) जाड आहे. आपल्या पावसात तिच्याखाली गंज वाढतो आणि रंगाला फुगे येतात. गाडीच्या तळाला ताजा काळा अंडरकोट (संरक्षक लेप) दिसला तर गाडी रॅम्पवर चढवून पाहिल्याशिवाय बोलणी नकोत. पत्रा उघडा असतानाचे फोटोही मागाच.

इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळवा. मागाहून डिझेल इंजिन बसवलंय आणि आरसीवर नोंद नाही, अशी गाडी नावावर होताना अडकते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिनकामाचा खर्च भावातून वजा करा. ते काम उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत होऊन जातं. मूळ क्रोम पट्ट्या, मीटर, काचा मात्र शोधत फिरावं लागतं, म्हणून त्या शाबूत असतील तर चार पैसे जास्त द्यावेत.

५० वर्षांवरील मूळ रूपातल्या गाडीची विंटेज नोंदणी २०२१ च्या नियमांनुसार होते, शुल्क २०,००० रुपये. तशी गाडी रोज वापरता येत नाही.