रुग्णाच्या हातातला कागद पूर्ण शब्दांत लिहा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, औषधं काढून द्यायची आणि ती कशी घ्यायची ते समजावून सांगायचं, हे माझं रोजचं काम. आपल्याकडे एकच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. रुग्णाच्या हातात जो कागद पडतो, मग ती औषधाची चिठ्ठी असो, डिस्चार्ज कार्ड असो की ऑपरेशनच्या आधीच्या सूचना, त्यावर संक्षेप नकोत. सगळं पूर्ण शब्दांत आणि रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं असावं, असा नियम करा.

एवढ्याशा गोष्टीसाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणून आधी काउंटरवरचा एक प्रसंग सांगते. एक आजोबा संपलेल्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही सगळ्यात तातडीची दिसतेय. ही मी एकदाही चुकवली नाही." त्या गोळीपुढे 'एसओएस' लिहिलेलं होतं. संकटातल्या जहाजाची हाक म्हणून ही तीन अक्षरं सगळ्यांना माहीत असतात आणि आजोबांनीही तोच अर्थ घेतला होता. चिठ्ठीवरचं एसओएस मात्र लॅटिनमधून आलेलं आहे. त्याचा अर्थ 'गरज पडली तरच'. गोळी वेदनाशामक होती, गुडघा दुखला तर घेण्यासाठी दिलेली. आजोबा ती दुखत नसतानाही सकाळ-संध्याकाळ घेत होते आणि सोबत बीपीच्या गोळ्याही चालू होत्या. त्या वयात अशी वेदनाशामकं रोज पोटात गेली की बीपी वाढू शकतं, जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं, आजोबांनी मनापासून पाळलं होतं, आणि तरीही उपचार उलटा चालला होता.

बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चार वेळा, एचएस म्हणजे झोपताना, एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर, स्टॅट म्हणजे लगेच. ही अक्षरं आली तेव्हा चिठ्ठी हा डॉक्टर आणि औषध बनवून देणारा या दोघांमधला निरोप होता आणि दोघांनाही लॅटिन येत होतं. तेव्हा ते ठीकच होतं. आज तोच कागद घरी जातो, महिनोन्‌महिने फाइलमध्ये राहतो, आणि रात्री नऊ वाजता तो उघडून आईला कुठली गोळी द्यायची हे ठरवणारी व्यक्ती असते मुलगा, सून, शेजारीण किंवा स्वतः आजारी माणूस. औषध देण्याचं प्रत्यक्ष काम हीच मंडळी करतात. कागद त्यांच्यासाठी लिहिलेलाच नसतो.

आणि अडचण फक्त रुग्णाला येते असंही नाही. ओडी घ्या. साध्या चिठ्ठीवर त्याचा अर्थ दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर त्याचाच अर्थ उजवा डोळा. शिवाय विषबाधेच्या केसपेपरवर ओडी म्हणजे औषधाचा अतिरेकी डोस. आता 'एक थेंब ओडी' अशी ओळ समोर आली तर काय समजायचं? दिवसातून एकदा दोन्ही डोळ्यांत, की उजव्या डोळ्यात, आणि तेही किती वेळा? अशी ओळ मी वाचली तर डॉक्टरांना फोन करते. घरी बसलेल्या माणसाने कुणाला फोन करायचा? तो आपल्या परीने अर्थ लावतो, आणि तो बरोबर निघेलच असं नाही. एमएस लिहिलं तर ती हृदयाची झडप आकसल्याची नोंद असू शकते, मज्जातंतूंचा एक गंभीर आजार असू शकतो किंवा मॉर्फिन सल्फेट हे औषध. आरए म्हणजे आमवात, हृदयाचा उजवा वरचा कप्पा, किंवा जादा ऑक्सिजन न देता साध्या हवेत घेतलेली नोंद. डॉक्टरांना संदर्भावरून लगेच कळतं. घरी मोबाइलवर शोधणाऱ्या मुलीला यांतला सगळ्यात भीतिदायक अर्थ आधी दिसतो आणि ती रात्रभर जागी राहते.

डोसच्या बाबतीत तर ही अक्षरं जीवावर बेततात. इन्शुलिनपुढे युनिटऐवजी इंग्रजी 'यू' लिहिला आणि तो जरा गोल आला की शून्य दिसतो. १० युनिटचे वाचणाऱ्याच्या नजरेत १०० होतात. मायक्रोग्रॅमसाठी जुनं ग्रीक चिन्ह वापरलं आणि ते मिलिग्रॅमसारखं वाचलं गेलं, तर डोस १००० पट होतो. '१' लिहायचं तिथे '१.०' लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं तर दहापट. '०.५' मधलं पहिलं शून्य गाळलं तर तोच धोका. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली अशा संक्षेपांची 'वापरू नये' अशी अधिकृत यादीच लागू केली. युनिटसाठीचा यू, आंतरराष्ट्रीय युनिटसाठीचं आययू, रोज एकदासाठीचं क्यूडी, एक दिवसाआडसाठीचं क्यूओडी, अंकाच्या मागचं जादा शून्य, पुढचं गाळलेलं शून्य, आणि मॉर्फिन व मॅग्नेशियम सल्फेट यांची एकमेकांसारखी दिसणारी लघुरूपं, एवढीच ती यादी. छोटी आहे. ती इथे आपल्या शब्दांत लागू करायला काहीच अडचण नाही.

मेथोट्रेक्सेटबद्दल मात्र मला वेगळं लिहायचंच आहे. सांधेदुखीच्या काही आजारांत ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं थांबवते, तोंडात फोड येतात, जंतुसंसर्ग आवरत नाही. या चुकीने जगभरात माणसं दगावलेली आहेत. इतक्या जोखमीच्या औषधापुढे दोन-तीन अक्षरांचा संक्षेप लिहून मोकळं होणं मला पटत नाही. तिथे 'आठवड्यातून एकदाच, दर सोमवारी, रोज घेऊ नका' असं वाराच्या नावासकट लिहिलेलं हवं. ते लिहायला किती वेळ लागतो?

आता निदानाकडे येते, कारण माझ्या मते खरं नुकसान तिथे होतं आणि ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही. डिस्चार्ज कार्डावर वरच्या बाजूला लिहिलेलं असतं: के/सी/ओ एचटीएन, डीएम, सीकेडी. म्हणजे या व्यक्तीला आधीपासून उच्च रक्तदाब, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा दीर्घकाळचा आजार आहे. कित्येकांना त्यातला रक्तदाब आणि मधुमेह माहीत असतो, गोळ्या चालू असतात म्हणून. सीकेडीसाठी वेगळी गोळी नसली तर तो आजार त्यांच्या लेखी नसतोच. एक बाई माझ्याकडे अंगदुखीवर गोळी मागायला आल्या होत्या. दुसऱ्या कामासाठी फाइल बाहेर काढली तेव्हा मला ही अक्षरं दिसली. "किडनीसाठी डॉक्टर काही म्हणाले होते का?" असं विचारल्यावर त्या घाबरल्या. "किडनीला काय झालंय?" म्हणाल्या. दोन वर्षं जुनं कार्ड होतं. दोन वर्षं त्यांचा आजार त्यांच्याच पिशवीत होता आणि त्यांना कुणी सांगितलेला नव्हता. कदाचित कुणी घाईघाईत सांगितलाही असेल, पण रुग्णालयातून घरी निघतानाच्या गडबडीत ऐकलेलं किती लक्षात राहतं? कागदावर 'मूत्रपिंडाचा दीर्घकाळचा आजार, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळ्या घेऊ नका' एवढं एक वाक्य असतं, तर ती दोन वर्षं वाया गेली नसती.

उलटंही होतं. एनएडी म्हणजे काही दोष आढळला नाही, डब्ल्यूएनएल म्हणजे सगळं सामान्य मर्यादेत. इतकी चांगली बातमी, पण ती अक्षरं बघून लोकांना आजाराचं नाव वाटतं.

ऑपरेशनच्या आधीच्या सूचनांत एनबीएम लिहितात, कुठे एनपीओ. तोंडावाटे काहीही द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. भूल दिल्यावर घशाचं संरक्षण सैल पडतं आणि पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून उपाशी ठेवतात. हे कारण एका ओळीत सांगितलं तर घरचे स्वतःहून पाळतील. नुसती तीन अक्षरं लिहिली तर प्रेमापोटी कुणीतरी घोटभर काहीतरी पाजतं आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. सूचना लपवून ठेवायची आणि मग पाळली नाही म्हणून ओरडायचं, हा अन्याय आहे.

रुग्णांना शिकवा, संक्षेपांचे तक्ते भिंतींवर लावा, असा एक सल्ला नेहमी दिला जातो. तक्ते लावायला माझी हरकत नाही. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, एलएफटी म्हणजे यकृताच्या तपासण्या, एचबीएवनसी म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी, एवढं प्रत्येकाला माहीत असणं चांगलंच. पण ओझं कुणी उचलायचं? लिहिणाऱ्याला अर्थ माहीत आहे आणि त्याने दोन शब्द जास्त लिहायचे आहेत. वाचणारा आजारी आहे, वयस्कर आहे, कदाचित चष्माही जवळ नाही. शिवाय २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. हृदय कमजोर झालेल्या, रुग्णालयात दाखल असलेल्या लोकांना त्यांच्या नोंदींत नेहमी येणारे दहा संक्षेप दाखवले. संक्षेप तसेच ठेवले तेव्हा सरासरी ६२ टक्के अर्थ बरोबर आले. तेच पूर्ण शब्दांत लिहिले तेव्हा ९५ टक्के. लोकांना वेगळं काही शिकवलेलं नव्हतं, फक्त शब्द पूर्ण लिहिले होते.

डॉक्टरांना वेळ नसतो, हे मला मान्य आहे. ओपीडीची रांग मीही बघते आणि अतिदक्षता विभागात तर एकेक सेकंद मोलाचा असतो. म्हणून आपसातल्या नोंदींना हात लावा असं माझं म्हणणं नाही. डॉक्टर आणि नर्स यांच्यातल्या केसपेपरवर त्यांना सोयीची लघुरूपं वापरू द्या, फक्त धोकादायक यादीतली सोडून. बाहेर जाणारा कागद तेवढा वेगळा. तो आता पुष्कळ ठिकाणी संगणकावरच तयार होतो. डॉक्टरांनी टीडीएस टाइप केलं की छापताना 'दिवसातून तीन वेळा' उमटेल, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये सहज होते. एक सावधगिरी मात्र हवी: आरए किंवा ओडीसारख्या दुहेरी अर्थाच्या अक्षरांना संगणकाने स्वतःच्या मनाने शब्द जोडू नयेत, डॉक्टरांना निवडायला लावावं. चुकीचा पूर्ण शब्द हा बरोबर संक्षेपापेक्षा घातक. जिथे हातानेच लिहायचं आहे तिथे सकाळ-दुपार-रात्र अशा छापील चौकटी असलेली चिठ्ठी द्या. १-०-१ ही पद्धत लोकांना कळते, कारण तिच्यात दिवस दिसतो. जेवणाआधी की नंतर, किती दिवस आणि कशासाठी, यासाठी आणखी तीन रकाने पुरेत. 'कशासाठी' हा रकाना कृपा करून वगळू नका. कुठली गोळी कुठल्या आजाराची हे माहीत असलेला माणूस दुकानात चुकीची पट्टी हातात आली तर स्वतःच ओळखतो आणि मला थांबवतो. असं झालेलं मी पाहिलं आहे.

बाहेर हे घडतं आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या शिखर संस्थेने, अकॅडमी ऑफ मेडिकल रॉयल कॉलेजेसने, २०१८ साली सांगितलं की ओपीडीतल्या भेटीनंतरचं पत्र थेट रुग्णाला उद्देशून, साध्या भाषेत लिहा. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून कायद्यानेच रुग्णाला आपल्या नोंदी विलंब न होता ऑनलाइन पाहता येतात, त्यामुळे तिथे डॉक्टरांना 'हे रुग्ण वाचणार आहे' असं धरूनच लिहावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम सुरू केली. पूर्ण शब्दांत लिहिणं हा त्या दिशेने टाकण्यासारखा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. नवं यंत्र लागत नाही, नवं औषध लागत नाही.

लोक विचारत का नाहीत, असाही प्रश्न येईल. लाज वाटते, म्हणून. मागे रांग उभी असते, डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला हाक मारलेली असते, आपण अडाणी ठरू अशी भीती असते. शिकलेल्या माणसांना तर ती जास्तच वाटते. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न विचारणं रुग्णाचा हक्क आहे आणि उत्तर देणं आमच्यापैकी प्रत्येकाचं काम आहे, हे नियमातच लिहून टाका आणि औषध देणाऱ्यालाही त्यात बांधा. अस्पष्ट संक्षेप दिसला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हे बंधन मी आनंदाने स्वीकारेन. माझे सहकारीही स्वीकारतील, याची मला खात्री आहे.

शेवटी एक विनंती नियम तयार करण्याच्या पद्धतीबद्दल. समिती नेमाल तेव्हा तिच्यात डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट असतीलच. त्यांच्यासोबत दीर्घ आजाराची फाइल सांभाळणारे रुग्ण आणि घरी औषधं देणारे नातेवाईकही घ्या. चिठ्ठीचा आणि डिस्चार्ज कार्डाचा नवा नमुना मंजूर करण्याआधी तो त्यांच्या हातात द्या आणि आज रात्री कुठली गोळी, किती आणि कशासाठी घ्यायची ते त्यांना वाचून सांगू द्या. जिथे ते अडखळतील तिथे नमुना बदला.

आपली नम्र,
एक फार्मासिस्ट