फॉर्ममधला रिकामा रकाना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन फॉर्म भरताना पान बंद पडलं की आपण लगेच 'सर्व्हर डाऊन' म्हणून मोकळे होतो, पण पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि घोळ असतो एका रिकाम्या रकान्याचा. मी लारावेलमध्ये (पीएचपी भाषेत वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) साइट बनवायचं काम करतो म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आमच्या टीमने एका शाळेची फी भरायची साइट केली होती. एका आईने मुलीची फी भरली, पैसे कटले आणि पावतीच्या जागी नुसतं '५०० सर्व्हर एरर'. त्या बाई दोन तास शाळेच्या ऑफिसात बसून होत्या. लॉग, म्हणजे सर्व्हरवरची चुकांची नोंदवही, बघितला तर 'अटेम्प्ट टू रीड प्रॉपर्टी नेम ऑन नल'. म्हणजे कोड आधी विद्यार्थी शोधतो, मग तिचे वडील, मग वडिलांचं नाव, आणि या मुलीच्या खात्याला वडिलांची नोंदच नव्हती, आई एकटी वाढवते. नल म्हणजे शून्य नाही की कोरी जागा नाही, इथे काहीच नाही एवढंच, आणि जे नाहीच त्याचं नाव विचारलं की प्रोग्राम तिथेच थांबतो.

आम्ही आधी सगळे करतात तेच केलं. पीएचपी ८.० मध्ये, २०२० साली, ?-> ही खूण आली, डाव्या बाजूला नल असेल तर ती पुढे न जाता नलच परत देते. पान उघडलं, पण पावतीवर 'वडिलांचे नाव' समोर कोरं, आणि क्लार्कने ती अपूर्ण म्हणून परत केली. पुढे फी सवलतीची यादी काढली तर तिच्यातही ही मुलगी नाही! क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, लिहिलं होतं, वडिलांचा व्यवसाय 'सरकारी नोकरी' नसलेली मुलं द्या. डेटाबेसमध्ये नलची कशाशीही तुलना केली की उत्तर हो पण नाही आणि नाही पण नाही, त्यामुळे ती ओळ यादीतून गळते, आणि इथे एररही येत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. मला तर पान बंद पडण्यापेक्षा हेच जास्त गंभीर वाटतं.

ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या प्रोग्रामिंग भाषेत नल आणलं, करायला सोपं होतं म्हणून, आणि २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. पण वडील नसलेली मुलं, आडनाव न लावणारी माणसं ही काही चूक नाही ना, ती आहेतच, मग टेबल बनवतानाच विचारायला हवं की हा रकाना रिकामा राहू शकतो का, आणि राहिला तर पावतीवर काय छापायचं, यादीत धरायचं की नाही. आम्ही शेवटी 'वडील' काढून 'पालक' केलं, आई, वडील किंवा आजी कुणीही एक, पण एक हवंच. व्यवसायाचा रकाना नलेबल, म्हणजे रिकामा चालेल असा, ठेवला आणि क्वेरीत ऑर-व्हेअर-नल, म्हणजे 'किंवा हा रकाना नल असलेली मुलंही द्या', जोडलं. आता प्रत्येक रिलीजआधी अर्धे रकाने रिकामे असलेली दहा खोटी मुलं टाकून सगळी पानं उघडून बघतो.

सरकारी किंवा खाजगी, साइटचं काम देणाऱ्यांनी ही रिकाम्या रकान्यांची टेस्ट समोर बसून बघावी आणि मगच बिल पास करावं. वाचकांनाही विनंती, एरर आली तर स्क्रीनचा फोटो काढा आणि कोणता रकाना रिकामा सोडला होता ते तक्रारीत नक्की लिहा, आम्हाला चूक शोधायला तेवढं पुरतं.

आपला,
एक वेब डेव्हलपर, नाशिक