‘तिरस्कृत’ या शब्दाचा अर्थ

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागाचे आमदार गावात आले आणि एक काम करून गेले. ते काम कुठं छापून आलं नाही, फलकावरही चढलं नाही. दुसऱ्या दिवशी चौकात जो फलक लागला तो गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याचा. रस्ता झाला, चांगलंच झालं. पण मला लिहायचं आहे ते देवळाच्या सभामंडपात त्या दिवशी सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत काय झालं त्याबद्दल.

आमदारांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडं नाव लिहिलं की लगेच महाराष्ट्र एकीकरण समिती की राष्ट्रीय पक्ष हा वाद सुरू होतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. जिल्ह्यात अठरा आमदार आहेत. माझं म्हणणं अठराही जणांनी वाचावं असं आहे.

मी बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात राहते. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. यजमानांच्या नावावर एक एकर बारा गुंठे जमीन. खालच्या अंगाला भात, माळावर रताळी. २०२२ च्या पावसाळ्यात ते वारले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीनं भात कुजलं होतं तेव्हा त्यांच्या नावावर भरपाई जमा झाली होती. ते गेल्यावर उताऱ्यावर माझं आणि मुलीचं नाव लागल्याशिवाय ना भरपाई, ना सोसायटीचं पीककर्ज. आपल्याकडं सोसायटीतून ५ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी मिळतं. पण उताऱ्यावर नावच नाही त्याला ते कोण देणार? दोन वर्षं मी भात लावायला बचत गटातून पैसे उचलले आणि त्याचं व्याज भरलं.

वारसा नोंदीसाठी मी तीनदा अर्ज केला. प्रत्येक वेळी नंबराची पावती मिळायची. सेवा केंद्रात तो नंबर घातला की अर्ज कुठं पोचला ते दिसतं. पहिल्या वेळी मुलगी सोबत होती. शाळेत कन्नड विषय होता म्हणून तिला वाचता येतं. तिनं पडद्यावरचं एक एक अक्षर जुळवत वाचलं, “ति-र-स्कृ-त.” आणि माझ्याकडं बघायला लागली.

कन्नडमध्ये त्याचा अर्थ ‘नामंजूर’ एवढाच. आता मला ते माहीत आहे. पण त्या दिवशी केंद्राच्या पायरीवर बसून मला वाटलं, आपला तिरस्कार करण्यासारखं आपण काय केलं? नवरा गेलेली बाई त्याच्या जमिनीवर नाव लावायला आली, यात तिरस्कार करण्यासारखं काय आहे? घरी येऊन मी जेवले नाही.

कारण विचारायला गेलं की खिडकीतून उत्तर यायचं, “नाव जुळत नाही, परत अर्ज करा.” यजमानांचं नाव घरात, शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर ‘परशराम’. कन्नड उताऱ्यावर ‘परशुराम’. एका उकाराचा फरक. एकानं सांगितलं, आधार दुरुस्त करून आणा. मेलेल्या माणसाचं आधार कसं दुरुस्त करायचं? बोटाचे ठसे कुणाचे द्यायचे? दुसऱ्यानं सांगितलं, एजंट गाठा. तोही गाठला. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये यायचे, त्यातले दोन महिन्यांचे त्याच्याकडं गेले आणि अर्ज तिसऱ्यांदा ‘तिरस्कृत’ झाला. २०२३ च्या जूनपासून बायकांना बस फुकट आहे, म्हणून तिकिटाचा खर्च नव्हता. पण एक हेलपाटा म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. उद्योग खात्रीवर, म्हणजे रोजगार हमीवर, २०२५-२६ मध्ये ३७० रुपये हजेरी होती. किती दिवस बुडाले ते मी मोजायचं सोडून दिलं.

तिसऱ्या वेळी मात्र हातात एक कागद मिळाला. त्याला ‘हिंबरह’, म्हणजे अर्जावरचं लेखी उत्तर, म्हणतात. सगळं कन्नड, सरकारी भाषेतलं. मुलीला त्यातलं ‘नाव’, ‘मयत’ आणि ‘दाखल करावे’ एवढंच समजलं. गावात कन्नड बोलणारे खूप आहेत, आमच्या शेजारी तर कन्नडच घर आहे. त्या काकूंनी प्रेमानं कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “मलाच समजेना गे, हे कचेरीचं कन्नड हाय.” म्हणजे हा प्रश्न नुसता मराठीचाही नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. गावात दवंडी दिली होती की आमदार येणार, महसूल खात्याची माणसं सोबत असणार, ज्यांचे अर्ज अडकलेत त्यांनी कागद घेऊन यावेत. हार, सत्कार, फोटो यात पाऊण तास गेला. ते मला आवडलं नाही, बायका उन्हातून चालत आल्या होत्या. पण त्यानंतर आमदारांनी हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, चष्मा लावला आणि टेबल देवळाच्या कमानीपाशी उजेडात ओढून घेतलं. शेजारी सर्कलसाहेब बसले. माझा नंबर दुपारी जेवणानंतर आला.

मी नमस्कार करून सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं. “काकू, तुम्ही नंतर सांगा. आधी कागद काय सांगतोय ते ऐकू.” हिंबरह सर्कलसाहेबांच्या पुढं ठेवलं आणि म्हणाले, “मोठ्यानं वाचा.” साहेब एका एका ओळीवर बोट ठेवून कन्नडमध्ये वाचत होते आणि आमदार प्रत्येक ओळ थांबवून मराठीत सांगत होते. त्या कागदात लिहिलं होतं ते एवढंच : परशराम आणि परशुराम हा एकच माणूस असल्याचं स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र जोडावं, वंशावळ जोडावी, आणि शेजारच्या खातेदारांच्या सह्यांचा पंचनामा घ्यावा. तीन कागद. दोन वर्षं मी जे शोधत होते ते माझ्याच पिशवीत, प्लास्टिकच्या पाकिटात घडी घालून पडलं होतं.

मग ते सर्कलसाहेबांना म्हणाले, “आता हेच खाली मराठीत लिहून द्या.” साहेब जरा थबकले. त्यांची भाषा कन्नड. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. सावकाश, शाळेतल्या पोरासारखं अक्षर काढत त्यांनी खाली तीन ओळी लिहिल्या. ‘प्रतिज्ञापत्र’ लिहिताना अडले, आमदारांना विचारून लिहिलं, तरी एक वेलांटी चुकलीच. खाली सही आणि तारीख. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांना कुणी मराठी शिकवलेलं नाही, तरी त्यांनी प्रयत्न केला.

प्रतिज्ञापत्र दोन दिवसांत झालं, पंचनामा आठवड्याभरात. चौथा अर्ज मंजूर झाला. मागच्या सोमवारी उतारा हातात आला, त्यावर माझं आणि मुलीचं नाव आहे.

माझं काम झाल्यावर मी उठून घरी गेले नाही. शेवटच्या अर्जापर्यंत तिथंच बसले, कारण माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. जे कागद वाचले जात होते त्यातली कारणं तीच ती होती. नाव जुळत नाही. वंशावळ नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची संमती नाही. उताऱ्यावर जुन्या कर्जाचा बोजा आहे. पोडी, म्हणजे जमिनीची मोजून फोड, झालेली नाही. दिवसभरात याच्याबाहेरचं कारण मी दोन-तीनदाच ऐकलं असेल. मग ही पाच-सहा कारणं आणि त्यापुढं काय कागद लागतात ते एका फॉर्मवर कन्नड आणि मराठी दोन्हीत छापून ठेवायला काय अडचण आहे? जे लागू असेल त्यापुढं खूण करायची आणि माणसाच्या हातात द्यायचा. त्यासाठी भाषांतरकार नको, नवी नोकरभरती नको.

मुलगी बेळगावात कॉलेजला आहे. तिनं मला दाखवलं की संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार कुणालाही आपलं गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. म्हणजे अर्ज मराठीत देण्याचा हक्क आपल्याला आहे. पण उत्तर कुठल्या भाषेत मिळावं हे त्या अनुच्छेदात नाही, आणि आमचं घोडं तिथंच अडलं. जिथं एखाद्या अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा आणि नियम त्या भाषेतही द्यावेत, असं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी फार पूर्वीच ठरलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात मराठी बोलणारे १८ टक्क्यांहून जास्त होते. पश्चिमेकडच्या गावांत तर घरोघरी मराठीच. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. त्या न्यायाची वाट मीही बघते. पण माझ्या भाताला पाणी आणि खत या हंगामातच लागतं.

आमदारांना वर्षाला २ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातून समाजमंदिरं होतात, रस्ते होतात, आणि फलकावर नाव लागतं. माझ्या कामाला त्यातला एक रुपयाही लागला नाही. एक टेबल, चष्मा आणि पाच-सहा तास बसायची तयारी लागली. शाळेच्या वेळेला बस सोडण्याचंही त्या दिवशी त्यांनी कबूल केलं होतं. ती अजून आलेली नाही, पोरं चालतच जातात, तेही इथं नोंदवून ठेवते.

माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. असं बसणं वर्षातून एकदा नको. महिन्याचा एक वार ठरवा, होबळीच्या (महसुली मंडळाच्या) गावी बसा, आणि येता आलं नाही तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे कुणाची मजुरी बुडणार नाही. आणि डिसेंबरमध्ये हलग्याला सुवर्णसौधात अधिवेशन भरेल तेव्हा दोन भाषांतल्या या फॉर्मचा प्रश्न सभागृहात मांडा. ती इमारत २०१२ पासून आपल्या जिल्ह्यात उभी आहे. तिथं आमच्या पिशवीतल्या या कागदाबद्दल एकदा तरी बोललं जावं.

सर्कलसाहेबांनी लिहिलेल्या त्या तीन ओळींची झेरॉक्स पत्रासोबत जोडली आहे. सही आणि नावं झाकून ती छापता आली तर छापा. आतापर्यंत सहा बायका माझ्या घरी येऊन मोबाईलवर तिचा फोटो काढून घेऊन गेल्यात, आणि त्यातल्या दोघींचा अर्ज परवा गेलाय.

आपली नम्र,
एक शेतकरी वाचक, बेळगाव जिल्हा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)