संस्था नोंदवली म्हणजे कर सुटला असं नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकपत्रांत एका वाचकाने गावोगावच्या मंडळांना सल्ला दिला आहे की संस्था रजिस्टर करून घ्या, म्हणजे देणगीदारांना टॅक्समध्ये सूट मिळेल. हेतू चांगला आहे, पण माहिती अर्धीच आहे. याच अर्ध्या माहितीवर आम्ही सातजण दोन वर्षं हेलपाटे घातले, म्हणून लिहितो.

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या आळीने वर्गणी काढून तीन फाऊलर खाटा (दवाखान्यासारख्या, डोकं-पाय वर करता येणाऱ्या), चार वॉकर आणि एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतला. लागेल त्याने न्यायचा, काम झालं की पुसून परत आणायचा. जन्मभर वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशेब, लिहिलेला, त्यामुळे हिशेबाची वही आपसूक माझ्याकडे आली. लाट ओसरली तरी खाटा रिकाम्या राहिल्या नाहीत. खुब्याचं हाड मोडलेली आजी कुठल्या ना कुठल्या घरात असतेच.

पैसे माझ्या बचत खात्यावर जमायला लागले तेव्हा मुलगी म्हणाली, "आप्पा, उद्या कुणी विचारलं तर हे तुमचं उत्पन्न धरतील." म्हणून 2022 मध्ये संस्था काढली. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली कमीत कमी सात सभासद लागतात. तेवढे जमले. घटना लिहिली, घरमालकाचं ना हरकत पत्र जोडलं, सांगलीला फेऱ्या झाल्या. आपल्या महाराष्ट्रात अशा संस्थेची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते, म्हणून हातात दोन दाखले आले. दुसऱ्यावरचा नंबर 'एफ' अक्षराने सुरू होतो. ते दोन्ही लॅमिनेट करून भिंतीला लावले आणि पेढे वाटले.

पेढ्यांची घाई झाली. या दोन दाखल्यांचा आयकराशी काही संबंध नाही. संस्थेचं पॅन कार्ड वेगळं काढावं लागतं, आणि मग आयकर खात्याकडे दोन गोष्टी मागाव्या लागतात. 12-एबीची नोंदणी मिळाली तर संस्थेच्या उत्पन्नावर सूट, 80-जीची मान्यता मिळाली तर देणाऱ्याला वजावट. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

आमच्या भागात पैसा द्राक्षाचा. बागायतदार मोकळ्या हाताने देतो, पण त्याला 80-जीची पावती कशाला हवी? शेतीचं उत्पन्न आयकरातून मोकळंच आहे. पावती मागतो त्याचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा. त्यातही त्याने नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट त्याला मिळतच नाही. जुनी घेतली असेल तर साधारण देणगीच्या निम्म्या रकमेची, तीही मर्यादेत. शिवाय दोन हजारांच्या वर रोख दिली असेल तर तीही धरत नाहीत. हे मी आता देणगी घेतानाच सांगतो. एकदोघे हिरमुसतात, पण नंतर भांडण होत नाही.

खरा घोळ पुढे झाला. एका सल्लागाराने आयकर खात्याकडे नोंदणीचा आमचा पहिला अर्ज, फॉर्म 10-ए, भरला, तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी आली आणि तो म्हणाला, "आता तीन वर्षं निवांत." नियम तसा नव्हता. नियमित नोंदणीचा फॉर्म 10-एबी भरायचा तो तात्पुरतीची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा. आमच्या खाटा तर नोंदणीच्या आधीपासून फिरत होत्या! सगळ्यांसाठी वाढवून दिलेली 30 सप्टेंबर 2023 ची मुदतही गेली, आणि जानेवारीत भरलेला आमचा अर्ज उशिराचा म्हणून फेटाळला गेला. सल्लागार फोन उचलेना. तेवढ्यात आयकर खात्याचं 25 एप्रिल 2024 चं परिपत्रक आलं. उशिरामुळे फेटाळले गेलेले अर्जही 30 जूनपर्यंत पुन्हा भरायला मुभा मिळाली, म्हणून वाचलो. शेवटची गाडी चुकलेल्या प्रवाशाला मागून जादा गाडी मिळावी तसं झालं. दर वेळी जादा गाडी सुटत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्याच वर्षी आमचे खजिनदार वारले. सुतकाच्या दिवसांत कागद कोण बघतो! पण विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आम्ही चौथ्या महिन्यात गेलो. मग त्याच्यासोबत विलंब माफीचा अर्ज आला, आणि तोवर बँकेत नवी सही चालेना. एअर बेडचा पंप बिघडला होता, त्याचे साडेतीन हजार मी पदरचे घातले. अजून यायचेत.

आता माझ्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलेला आहे. हिशेब तपासणी केव्हा, विवरणपत्र केव्हा, देणगीदारांची यादी 10-बीडीमध्ये 31 मेपर्यंत. ती भरल्याशिवाय देणगीदाराला 10-बीई प्रमाणपत्र देता येत नाही, आणि उशीर झाला की दिवसाला 200 रुपये शुल्क. हे सगळं मी 1961 च्या आयकर कायद्याप्रमाणे सांगतोय. 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा दुसऱ्या मंडळाची जुनी झेरॉक्स समोर ठेवून अर्ज भरू नका.

माझी मागणी मोठी नाही. नोंदणीचा दाखला हातात देतानाच, पुढे काय आणि किती दिवसांत करायचं, याचा एक पानी मराठी कागद सोबत द्यावा. आम्ही तिकिटाच्या मागे नियम छापून देत होतो. आणि मंडळांनी सातजणांत एक तरी असा घ्यावा, ज्याला तारखा पाळायची सवय आहे. आमच्याकडे तो मीच होतो आणि तरीही चुकलो, हेही छापावं.

– एक सेवानिवृत्त एसटी वाहक,
तासगाव, जि. सांगली