गावोगावी कागदांचा रविवार हवा

महोदय,

आमच्या गल्लीतल्या एका बाईंना कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 रुपये दीड वर्ष मिळाले नाहीत. नवरा गोव्यात बांधकामावर, त्या पावसाळ्यात भातलावणीला आणि नंतर वीटभट्टीवर. योजना ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाली. रेशन कार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख, तिला पैसे मिळतात. यांच्या कार्डावर प्रमुख होत्या सासूबाई, आणि त्या तर आधीच वारलेल्या. मृत्यूचा दाखला घरातल्या पत्र्याच्या पेटीत होता. तो कुठे द्यायचा, हे कुणी सांगितलं नाही. हातात पडला तो कन्नडमधला कागद. "बाई, काय लिवलंय तेवढं बघा की," म्हणत त्या माझ्याकडे आल्या.

त्याच दीड वर्षात घर शाकारायला त्यांनी फायनान्सवाल्यांकडून बायकांच्या गटातून 30,000 रुपयांचं कर्ज उचललं होतं. दर आठवड्याला हप्ता. गटातली एक चुकली की बाकीच्यांनी भरायचं, म्हणून शेजारणीही बोलेनाशा झाल्या. हक्काचे 36,000 अडकून पडले आणि त्याहून कमी रकमेसाठी ही बाई रात्र रात्र जागली. हे मला सहन झालं नाही.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही मारुतीच्या देवळात बाक टाकतो. मी मराठी शाळेतून निवृत्त झाले आहे. सोबत कॉलेजात जाणारी तीन मुलं आहेत, त्यांना कन्नड उत्तम येतं. रेशन कार्डावरची नावं, विधवा आणि वृद्धांचं पेन्शन, बँक खात्याला आधार जोडणं, जमिनीच्या उताऱ्यावरची वारसनोंद असे कागद येतात. निम्मी कामं नुसत्या नावाच्या फरकामुळे अडलेली असतात: आधारवर 'लक्ष्मीबाई', पासबुकात 'लक्ष्मव्वा'. राज्याच्या शक्ती योजनेमुळे सरकारी बसने तालुक्याला जायला बायकांना तिकिटाचे पैसे लागत नाहीत हे खरं, पण एका कागदासाठी तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. कागद घरूनच नीट करून नेला तर बहुतेक वेळा एका खेपेत काम होतं.

सरकारी कागद मराठीतून मिळावेत ही आपली सीमाभागातल्या मराठी माणसांची मागणी रास्त आहे आणि ती सोडू नये. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज आपल्या भाषेत देता येतो, आम्ही तसे देतोही. पण तोवर कन्नड वाचणारी आपलीच मुलं गावात असताना बाईने अर्थ कळल्याविना अंगठा का उठवावा? 2025 मध्ये राज्याने सक्तीच्या कर्जवसुलीविरुद्ध कायदा केला. तो कन्नडमधून वाचून, मराठीत समजावून सांगितला, तेव्हा कर्जाच्या गटातल्या बायका पहिल्यांदा मान वर करून बोलल्या.

लक्ष्मीच्या यात्रेला घरटी वर्गणी काढणारी, मंडप, पालखी, पाहुणे सगळं निभावणारी मंडळं खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत गावोगावी आहेत. यात्रेच्या पाहुणचारासाठी कर्ज काढणारी घरंही त्यांना ठाऊक असतात. त्या मंडळांनी आठवड्यातले दोन तास या कागदांसाठी द्यावेत. निपाणीकडच्या मंडळांनी विडी वळणाऱ्या बायकांची ओळखपत्रं आधी तपासावीत, कारण त्यांच्या मुलांची शिष्यवृत्ती त्यावरच अवलंबून असते.

आमचं बाक रविवारी सकाळी नऊला लागतं. ज्या मंडळाला सुरुवात करायची असेल त्यांनी दोन मुलं पाठवावीत. कुठला कागद कुठे लागतो, ते आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. ती वही उतरवून घ्यावी.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
नंदगड परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव